चाकांवरील घर आणि अग्नीचें भय

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे आपल्याकडील कुटुंबें आजोळीं, आप्तेष्टांकडे किंवा समुद्रकिनाऱ्यावर जातात. बरोबर कपड्यांच्या पेट्या व फराळाचे डबे असतात. घर मात्र कुलूप लावून मागें ठेवावें लागतें. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका वगैरे देशांतील हजारों कुटुंबें सुटींत आपलें घरच बरोबर घेऊन निघतात. हें घर चाकांवर उभारलेलें असतें. त्यांत निजावयाच्या खाटा, गॅसची शेगडी, शीतकपाट, दिवे, पाण्याची टांकी असें सर्व कांहीं असतें. नसतें तें फक्त इंजिन. मोटारीच्या मागें तें जोडावयाचें आणि मोटार जाईल तिकडे ओढून न्यावयाचें. ह्या फिरत्या घरास ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील लोक कॅराव्हॅन म्हणतात, तर अमेरिकेंत त्यास ट्रॅव्हल ट्रेलर असें नांव आहे. कॅराव्हॅन हा शब्द मूळचा फारसी. ‘कारवान’ म्हणजे वाळवंटांतून जाणारा व्यापाऱ्यांचा व उंटांचा तांडा.

हौसेच्या प्रवासासाठीं बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती १८८५ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें तयार झाली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स ह्या डॉक्टरानें ती बांधवून घेतली. हे गृहस्थ मुलांसाठीं गोष्टीही लिहीत असत. त्यांनीं आपल्या गाडीस ‘वाँडरर’, म्हणजे भटकणारी, असें नांव दिलें. तिला घोडे ओढीत. पुढें १९१९ च्या सुमारास बर्मिंगहॅम येथें मोटारीमागें जोडावयाच्या कॅराव्हॅन विक्रीसाठीं तयार होऊं लागल्या. घोड्यांच्या पावलांनीं चालणारें घर अशा रीतीनें मोटारीच्या वेगानें धावूं लागलें.

ह्या बदलानें प्रवास सुखाचा झाला खरा. परंतु त्याबरोबर एक नवें संकटही आलें. घोड्यांची गाडी हळू चाले. चाक कुरकुरलें तर तें हांकणाऱ्याच्या कानीं येई. मोटारीचा चालक कांचा लावून बसतो, इंजिनाचा आवाज त्याच्या कानांत असतो आणि त्याचें लक्ष पुढील रस्त्यावर असतें. त्याच्या पाठीमागें सहासात मीटर लांबीचें घर धावत असतें व त्यांत कोणीही माणूस नसतो. कारण चालत्या कॅराव्हॅनमध्यें उतारू बसविणें ब्रिटनमध्यें सामान्यतः कायद्यानें मना आहे. तो नियम योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ असा कीं, त्या घरांत आग लागली तर ती पाहावयास तेथें कोणी नसतें. चुलीपाशीं आग लागली तर घरची बाई ओरडते, शेजारी धावतात. रस्त्यावर धावणाऱ्या रिकाम्या घराची आग मात्र बहुधा प्रथम परक्यांस दिसते व मालकास शेवटीं.

असाच एक प्रसंग आम्हीं स्वतः पाहिला आहे. तो कॅराव्हॅनचा नसून आपल्या उसाच्या ट्रॉलीचा आहे. पण तत्त्व एकच. गळिताच्या हंगामांत एके दिवशीं सायंकाळीं आम्ही दुचाकीवरून घरीं परत येत होतों. पुढें एक ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढीत कारखान्याकडे चालला होता. मागच्या ट्रॉलीच्या डाव्या चाकांतून निळसर धूर निघत होता व करपलेल्या ग्रीसची घाण येत होती. त्या चाकापासून हातभर अंतरावर वाळलेलें पाचट लोंबत होतें. आम्हीं पुष्कळ ओरडलों; परंतु ट्रॅक्टरच्या आवाजापुढें आमचें काय चालणार? शेवटीं गाडी पुढें काढून, हात वर करून त्यास थांबविलें. रस्त्याकडेच्या चारींतील पाणी आणून चाकाजवळचें पाचट प्रथम भिजविलें, मग तें तोडून काढलें, आणि चाक निवेपर्यंत सर्वजण तेथेंच बसून राहिलों. तो तरुण चालक मनापासून घाबरला होता. तो एवढेंच म्हणाला, “मास्तर, मागचं मला काय दिसतंय?”

त्याचे हे शब्द आम्ही आजवर विसरलों नाहीं. आजच्या पाठाचा सारा विषय त्या एका वाक्यांत आहे. ओढून नेल्या जाणाऱ्या वाहनाचा चालक मागचें पाहूं शकत नाहीं; म्हणून आग लागण्याचीं कारणें कोणतीं, हें त्यानें आधींच जाणलें पाहिजे, व वाटेंत थांबून मागें वळून पाहण्याची संवय स्वतःस लाविली पाहिजे.

एवढ्याशा दुर्लक्षानें काय होऊं शकतें, ह्याचें एक उदाहरण सांगतों. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया संस्थानांत रेडिंग नांवाचें शहर आहे. त्याच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागांत २३ जुलै २०१८ रोजीं एका मोटारीमागून ट्रेलर ओढला जात होता. ट्रेलरचा एक टायर निकामी झाला, धातूचें उघडें चाक रस्त्यावर घासूं लागलें, आणि त्यांतून उडालेल्या ठिणग्या कडेच्या वाळलेल्या गवतांत पडल्या. तेवढ्यावरून जो वणवा पेटला तो ‘कार फायर’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. २६ जुलै रोजीं त्या वणव्यांतून अग्नीची प्रचंड वावटळ उठली. तिच्या वाऱ्याचा वेग ताशीं १४० मैलांहून अधिक असावा, असें हवामानखात्यानें अनुमान केलें. ऑगस्ट महिना संपत आला तेव्हां कोठें वणवा पुरता आटोक्यांत आला. तोंवर सुमारें २ लक्ष ३० हजार एकर प्रदेश जळाला, दीड हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या व आठ माणसें मृत्यु पावलीं. आणि ह्या सर्वाचा आरंभ कोणाच्या दुष्ट हेतूंत नव्हता. एका चाकांत होता.

आतां आग लागण्याचीं मुख्य कारणें क्रमानें पाहूं.

पहिलें कारण: चाकाचें बेअरिंग

आमच्या लहानपणीं आजोबा बैलगाडीनें बाजारास नेत. गाडीखालीं वंगणाचें नळकांडें टांगलेलें असे. लांबच्या वाटेवर मध्येंच गाडी थांबवून आजोबा आंसास वंगण घालीत. आम्हां मुलांस बाजार गांठण्याची घाई असे. पण आजोबा म्हणत कीं, चाक ओरडतें तोंवर तें आपलें ऐकतें. गप्प झालें कीं समजावें, कांहीं तरी बिघडलें. कॅराव्हॅनच्या चाकांतही तीच गोष्ट आहे. तेथें आंस व चाकाचा तुंबा ह्यांच्यामध्यें पोलादी गोळ्यांचें किंवा रुळांचें बेअरिंग असतें व त्यांत ग्रीस भरलेलें असतें. ग्रीस जुनें झालें, त्यांत पाणी वा धूळ शिरली, अथवा बेअरिंग फाजील आंवळलें गेलें, तर धातूवर धातु घासूं लागतो. दोन्ही हात एकमेकांवर जोरानें चोळून पाहा. क्षणांत ते गरम होतात. मग दीड हजार किलोग्रॅम भाराखालीं, मिनिटास शेंकडों फेरे फिरणाऱ्या चाकांत काय होत असेल ह्याची कल्पना करा. ग्रीस पातळ होऊन गळतें, धूर निघतो, आणि शेवटीं तें पेटतें. किंवा आंसावरून चाकच सुटून जातें.

ऑस्ट्रेलियांत कॅराव्हॅन धुळीच्या रस्त्यांवरून फार लांब नेतात. तेथें दर १० हजार किलोमीटरनंतर किंवा वर्षांतून एकदां बेअरिंग उघडून, धुऊन, नवें ग्रीस भरावें असा सामान्य प्रघात आहे. ब्रिटनमधील अलीकडच्या बहुतेक गाड्यांत कायमचीं बंद केलेलीं बेअरिंगें असतात. त्यांत ग्रीस भरावें लागत नाहीं. तथापि चाक फिरवून आवाज व डळमळ पाहावीच लागते.

दुसरें कारण: ब्रेक

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारें यंत्र होय. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. कॅराव्हॅनचें वस्तुमान १५०० किलोग्रॅम व वेग ताशीं ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें २२.२ मीटर, असे धरूं. वस्तुमानाच्या निमपटीस वेगाच्या वर्गानें गुणिलें असतां सुमारें ३ लक्ष ७० हजार ज्यूल ऊर्जा येते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें ३ लक्ष १५ हजार ज्यूल लागतात. म्हणजे ही गाडी आपल्या ब्रेकांनीं एकदां थांबविली तर एक लिटरहून अधिक पाण्यास उकळी येईल इतकी उष्णता चाकांत उत्पन्न होते.

हें झालें क्षणभराचें. परंतु हँडब्रेक अर्धवट सुटला असेल, किंवा ब्रेकची तार गंजून अडकली असेल, तर ब्रेक सतत घासत राहतो व उष्णता निघून जाण्यास अवकाशच मिळत नाहीं. मोटारीचें इंजिन बलवान असल्यामुळें ती ओढ चालकास जाणवतही नाहीं. लांब उतारावरही असाच धोका असतो. ब्रिटन व युरोपांतील कॅराव्हॅनचा ब्रेक बहुधा ती मोटारीस मागून रेटूं लागली कीं आपोआप लागतो. ३०० मीटर उंचीचा उतार उतरतांना आपल्या वरील गाडीची सुमारें ४४ लक्ष ज्यूल ऊर्जा कोठें तरी जावी लागते. ती सारी ब्रेकांत गेली तर सुमारें १४ लिटर पाणी उकळेल. म्हणून शहाणा चालक उतार लागण्यापूर्वींच वेग कमी करितो व खालचा गिअर घालितो, म्हणजे पुष्कळसें काम इंजिनच करितें. आपल्या घाटांत ट्रकचालक हेंच करितात.

तिसरें कारण: टायर

टायरमध्यें हवा कमी असली म्हणजे प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू दुमडते व सरळ होते. एखादी तार वारंवार वांकवून पाहा. वांकते त्या ठिकाणीं ती तापते. टायरचेंही तसेंच. हवा कमी, ओझें जास्त व वेग अधिक, हीं तीन एकत्र आलीं कीं रबर तापून फुटतें. त्याच्या चिंधड्या गाडीच्या तळाशीं असलेल्या तारांवर व गॅसच्या नळ्यांवर आदळतात. चार चाकांच्या कॅराव्हॅनमध्यें एक टायर बसला तरी शेजारचें चाक भार सांभाळतें. म्हणून चालकास कांहीं कळत नाहीं आणि बसलेला टायर घासत, धुमसत जातो. रबराची आग विझविणें फार कठीण. एकदां विझली तरी आंतील उष्णतेनें ती पुन्हां पेटते.

कॅराव्हॅन वर्षांतील पुष्कळ महिने एकाच जागीं उभी असते. त्यामुळें तिच्या टायरांची नक्षी नवी दिसते, परंतु रबर मात्र उन्हापावसानें जुनें होऊन तडकतें. म्हणून पांच ते सात वर्षांनीं टायर बदलावे, नक्षीवर विश्वासूं नये, असा जाणत्यांचा सल्ला आहे.

चौथें कारण: गॅस

कॅराव्हॅनमधील शेगडी, पाणी तापविण्याचें यंत्र व पुष्कळदां शीतकपाटही गॅसवर चालतें. हा गॅस आपल्या स्वयंपाकघरांतील गॅसच्याच जातीचा, म्हणजे प्रोपेन किंवा ब्यूटेन होय. प्रोपेन हवेच्या सुमारें दीडपट व ब्यूटेन सुमारें दुप्पट जड असतो. त्यामुळें गळालेला गॅस वर न जातां जमिनीलगत सांचतो. म्हणूनच कॅराव्हॅनच्या तळाला तो निघून जाण्यासाठीं भोंकें ठेविलेलीं असतात. तीं झांकूं नयेत. हवेच्या शंभर भागांत ह्या वायूचे दोन भाग झाले कीं तें मिश्रण पेटूं शकतें.

गॅसवर शीतकपाट चालतें तेव्हां त्याच्या मागें एक लहानशी ज्योत अखंड जळत असते. प्रवासांत ही ज्योत चालू ठेवून कोणी पेट्रोलपंपावर गेला, तर काय प्रसंग ओढवेल हें सांगावयास नको. शिवाय अपघातांत नळी तुटली तर उघड्या सिलिंडरांतून गॅस वाहूं लागतो. म्हणून ब्रिटनमध्यें नियमानें शिकविलें जातें कीं, निघण्यापूर्वीं प्रत्येक उपकरण बंद करावें आणि मग सिलिंडरवरील चावीही बंद करावी. शीतकपाट प्रवासांत मोटारीच्या १२ व्होल्टच्या विजेवर चालवावें. अपघात होतांच गॅस आपोआप तोडणारे रेग्युलेटर अलीकडे युरोपांत मिळतात. परंतु ज्या गाडींत ते नाहींत तींत हातानें चावी बंद करणें हाच उपाय आहे, आणि त्यास एक पैही पडत नाहीं.

पांचवें कारण: वीज

१२ व्होल्टच्या विजेचा झटका बसत नाहीं, म्हणून तिच्यापासून आग लागणार नाहीं असें पुष्कळांस वाटतें. ही चूक आहे. १२० वॅटचें शीतकपाट घरांतील २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतें. तेंच १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतें. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम तुम्ही शिकलांच आहां. मोटार व कॅराव्हॅन ह्यांना जोडणारा प्लग गंजून त्यांत केवळ ०.२ ओहम इतका अडथळा उत्पन्न झाला, तरी १० गुणिलें १० गुणिलें ०.२, म्हणजे २० वॅट उष्णता त्या बोटभर जागेंत सांचत राहते. कल्हई करणाऱ्या विजेच्या लहान हत्याराइतकी ही उष्णता आहे. प्लास्टिक वितळतें, तारा एकमेकींस लागतात, आणि ठिणगी पडते.

ह्यावर तीन उपाय आहेत: पुरेशी जाड तार, योग्य मापाचा फ्यूज, आणि तार कोठेंही घासणार नाहीं अशी मांडणी. फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्याच्या जागीं मोठा फ्यूज घालणें म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्यास चोराच्या भीतीनें नव्हे, आपली झोंप मोडते म्हणून बांधून ठेवण्यासारखें आहे. बॅटरी हलणार नाहीं अशी घट्ट बसवावी. शिशाच्या बॅटरीतून भरतेवेळीं हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्या पेटीस हवा मोकळी असावी. लिथियमची बॅटरी असल्यास तिच्यासाठीं सांगितलेलेंच भरणयंत्र वापरावें.

ह्या पांच कारणांशिवाय आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कॅराव्हॅन हलकी असावी म्हणून तिच्या भिंती पातळ पत्र्याच्या, प्लायवूडच्या व उष्णता अडविणाऱ्या फेसाळ प्लास्टिकच्या करितात; आंत गाद्या व पडदे असतात. अशा घरास एकदां ज्वाळा लागली कीं थोड्याच मिनिटांत सर्व संपतें. म्हणून येथें विझविण्याच्या कौशल्यापेक्षां आग लागूं न देण्याच्या दक्षतेचें मोल अधिक आहे.

रेल्वेपासून घ्यावयाचा धडा

आगगाडी एखाद्या स्टेशनांतून न थांबतां जाते, तेव्हां फलाटावर स्टेशनमास्तर निशाण घेऊन उभा असतो, हें तुम्हीं पाहिलें असेल. तो तेथें शोभेसाठीं उभा नसतो. जाणाऱ्या प्रत्येक डब्याकडे तो निरखून पाहतो: कोठें धूर निघतो काय, एखादा आंस तापला आहे काय, कांहीं लोंबतें आहे काय. सर्व ठीक असल्यास तो हिरवें निशाण दाखवितो. विपरीत दिसल्यास लाल. आगगाडीच्या इंजिनचालकास आपल्या मागचे डबे नीट दिसत नाहींत, हें रेल्वेनें फार पूर्वींच ओळखलें आणि दुसऱ्याचे डोळे त्याच्या साहाय्यास दिले.

रस्त्यावर असा स्टेशनमास्तर नाहीं. तेथें चालकानेंच थांबून स्वतःचा स्टेशनमास्तर व्हावें लागतें. म्हणून कॅराव्हॅन नेणाऱ्यांसाठीं जे नियम अनुभवी लोक पाळतात, ते येथें एकत्र देतों.

(१) निघण्यापूर्वीं सर्व टायरांतील हवा, ते थंड असतांना, मापून पाहावी. चाकांच्या चाक्या घट्ट असल्याची खात्री करावी.

(२) गॅस सिलिंडरपाशींच बंद करावा. शेगडीवर किंवा तिच्याजवळ कपडे, कागद वगैरे ठेवूं नयेत. पेट्रोलचा डबा घरांत नेऊं नये. आदल्या रात्रीच्या शेकोटीची राख किंवा कोळसा, थंड वाटला तरी, बरोबर घेऊं नये.

(३) हँडब्रेक पूर्ण सोडला आहे, हें गाडी हातभर पुढें घेऊन व मागें पाहून ठरवावें.

(४) जोडणीच्या सांखळ्या जमिनीस लागणार नाहींत अशा बांधाव्या. धावत्या गाडीची लोंबती सांखळी चकमकीसारख्या ठिणग्या पाडते. उन्हाळ्यांत वाळलेलें गवत पेटण्यास तेवढें पुरे.

(५) दोन्ही बाजूंचे आरसे असे लावावे कीं त्यांत कॅराव्हॅनची बाजू व चाकें दिसावीं. आणि ते केवळ वळतांना नव्हे, तर वरचेवर पाहावे.

(६) वेगाची मर्यादा पाळावी. ब्रिटनमध्यें कॅराव्हॅन ओढणाऱ्या मोटारीस मोटारमार्गावर ताशीं ६० मैल व साध्या एकेरी रस्त्यावर ५० मैल ही मर्यादा आहे.

(७) निघाल्यावर थोड्याच मैलांनीं एकदां, आणि पुढें प्रत्येक विश्रांतीच्या वेळीं, सुरक्षित जागीं थांबून गाडीभोंवतीं एक फेरी मारावी. प्रत्येक चाकाच्या मध्यापाशीं हात न्यावा. एकदम लावूं नये, कारण तें भाजण्याइतकें तापलेलें असूं शकतें. सर्व चाकें सारखींच कोमट असलीं तर ठीक. एकच चाक इतरांहून फार गरम असेल, तर त्याचें कारण सांपडल्यावांचून पुढें जाऊं नये.

(८) आग विझविण्याचें भुकटीचें यंत्र हाताशीं असावें. तें केवळ कॅराव्हॅनमध्यें ठेवणें व्यर्थ. जें घर पेटलें त्याच्याच पोटांत तें अडकून पडेल. एक मोटारींतही असावें.

ह्यांतील सातवा नियम सर्वांत साधा व सर्वांत अधिक मोडला जाणारा आहे. त्यास पांच मिनिटें लागतात. पण मुक्काम गांठण्याच्या घाईंत तींच पांच मिनिटें माणसास जड होतात.

आग लागलीच तर

मागून येणारा कोणी दिवे चमकावून किंवा हात करून खुणा करूं लागला, तर रागावूं नये. तो बहुधा आपला उपकारकर्ताच असतो. हळूहळू वेग कमी करून रस्त्याच्या कडेस, वाळलेलें गवत, झाडें व घरें ह्यांपासून दूर थांबावें. इंजिन बंद करून सर्व माणसांस, प्रथम मुलांस, बाहेर काढावें आणि वाऱ्याच्या उलट दिशेस, गाड्यांच्या वाटेपासून लांब न्यावें. लगेच अग्निशामक दलास बोलवावें: ब्रिटनमध्यें ९९९, ऑस्ट्रेलियांत तीन शून्यें, अमेरिकेंत ९११, आणि आपल्या देशांत ११२. गॅसचीं सिलिंडरें आंत आहेत, हें त्यांस अवश्य सांगावें.

आग अगदीं लहान असेल व धोका नसेल, तरच यंत्रानें ती विझवावी किंवा मोटार सोडवून पुढें घ्यावी. ज्वाळा मोठी झाली असेल तर कांहींही करूं नये, दूरच राहावें. पेटलेल्या घराचें दार उघडूं नये, कारण आंत हवा शिरून आग भडकते. पैसे, कागदपत्रें, दागिने आणण्यासाठीं तर मुळींच परत जाऊं नये. तापलेलें सिलिंडर केव्हां फुटेल ह्याचा नेम नसतो. घर पुन्हां घेतां येतें. माणूस येत नाहीं.

आपणांस ह्याचें काय?

कोणी म्हणेल, आमच्या घरीं कॅराव्हॅन नाहीं. मग हा पाठ आम्हांस कशाला? प्रथम तर, फिरत्या घरांचा हा प्रकार आपल्याकडेही येऊं लागला आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. आपल्या पालकांपैकीं कित्येकांचीं मुलें व भावंडें ऑस्ट्रेलियांत किंवा इंग्लंडांत राहतात व सुटींत असें घर घेऊन निघतात. दुसरें असें कीं, हंगामांत शेंकडों ट्रॉल्या आपल्या दारावरून जातात. त्यांचीं चाकें, त्यांचे टायर व त्यांच्या सांखळ्या ह्यांस हेच नियम लागू आहेत. आणि गॅसचें सिलिंडर तर बहुतेक घरीं आहेच.

ह्याहून मोठें कारण आमच्या मतें असें आहे. आपल्या मागें काय चाललें आहे हें आपणांस दिसत नाहीं, ही कांहीं लाजेची गोष्ट नव्हे. डोळे पुढेंच दिलेले आहेत. परंतु दिसत नाहीं म्हणून तेथें कांहीं नाहीं, असें समजणें ही मात्र चूक आहे. त्या ट्रॅक्टरवरील तरुणाचा दोष एवढाच होता कीं, थांबून मागें पाहावें हें त्यास कोणी शिकविलें नव्हतें. विद्यार्थ्यांनो, तें आज आम्ही तुम्हांस शिकविलें आहे. उद्यां तुमच्यापैकीं कोणी चालक होईल, कोणी रस्त्यानें जाणारा. चालक झालांत तर आजोबांप्रमाणें मध्येंच थांबून चाकाची विचारपूस करा. आणि रस्त्यानें जातांना कोणाच्या चाकांतून धूर निघतांना दिसला, तर आपणांस उशीर होतो म्हणून पुढें निघून जाऊं नका.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) २००० किलोग्रॅमची कॅराव्हॅन ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जात आहे. ती तिच्याच ब्रेकांनीं थांबविल्यास किती ज्यूल उष्णता उत्पन्न होईल?

(२) १२ व्होल्टवर ९६ वॅटचें उपकरण किती अँपिअर प्रवाह घेतें? प्लगमधील अडथळा ०.२५ ओहम असल्यास तेथें किती वॅट उष्णता सांचेल?

(३) कॅराव्हॅनच्या तळाचीं भोंकें थंडी वाजते म्हणून बुजविलीं तर काय धोका आहे? कारण सांगा.

(४) आपल्या गांवांतील एखाद्या ट्रॉलीच्या मालकास भेटून, चाकांस ग्रीस केव्हां भरतात व टायर केव्हां बदलतात, हें विचारा. आणि मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.